सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

(गोरेगाव येथील सभेत केलेले भाषण)



गोरेगावात सभा म्हटली की पाण्याच्या लढ्याची आठवण निघतेच. १९६१ साली मृणालताई गोरे महापालिकेवर निवडून गेल्या. नळाला पाणी नसणे ही त्या काळी घरातल्या बाईची अडचण समजली जाई. हंडा तिचा, पायपीटही तिचीच. ताईंनी त्या अडचणीला सार्वजनिक प्रश्नाचे रूप दिले, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. आजचा माझा विषय अजून घराच्या चार भिंतींतच अडकलेला आहे.

तो विषय म्हणजे वृद्धांचा स्मृतिभ्रंश. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाख लोकांना तो आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण त्यावर पडदा टाकतो. परंतु हा मेंदूचा विकार आहे. म्हातारपणी तो सर्वांनाच जडतो असे नाही. गॅस चालू राहतो, मुलाचे नाव आठवत नाही, स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट सुरू होतो. मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. म्हणून उपचाराचा मोठा भाग सांभाळण्यातच असतो.

हे सांभाळण्याचे काम कोण करते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अशा शुश्रूषेच्या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. सून नोकरी सोडते, थकलेली पत्नी रात्र जागून काढते. हे श्रमच आहेत. पण त्यांना वेतन नाही आणि सुट्टीही नाही. २००७ चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो. ती पेलणाऱ्याला विसावा कोण देणार, याचे उत्तर त्यात नाही.

आपली कुटुंबसंस्था समर्थ आहे, असे यावर सांगितले जाते. पण दोन खोल्यांच्या घरात, दोघेही कमावते असताना, त्या गौरवाने रात्रीची जागरणे कमी होत नाहीत. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपयांची तरतूद केली गेली. रक्कम तुटपुंजी आहे. तरी सांभाळणे हे समाजाने दखल घ्यावी असे काम आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

आपल्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात वृद्धांच्या स्मृतीची तपासणी व्हावी. आरोग्यसेविकांना या विकाराचे शिक्षण मिळावे. प्रत्येक विभागात एक दिवसा सांभाळणारे केंद्र असावे. ते वस्तीजवळच हवे, कारण ओळखीचा जिना, ओळखीचा दुकानदार हाच या माणसांचा आधार असतो. पुनर्विकासात घर सोडून दुसरीकडे जावे लागले की तोही सुटतो आणि गोंधळ वाढतो.

मागणी करून आपण मात्र मोकळे होऊ नये. आपल्या चाळीत, सोसायटीत असे घर कोणते, हे विचारा. आठवड्यातून दोन तास त्या आजोबांपाशी बसा आणि त्या बाईला बाहेर पडू द्या. हंड्यांचा मोर्चा निघू शकला, कारण बायकांना घराबाहेर पडता आले. हिला तर उंबरठाही ओलांडता येत नाही. तिच्या वतीने विभाग कार्यालयावर आपल्यालाच जावे लागेल.