तात्या टोपे नगरातील मराठी
(भोपाळच्या जवाहर चौकातील भाषण)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपद गेले, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि सचिवालयाच्या फायलींमागून आमची मराठी कुटुंबे या तात्या टोपे नगरात आली. (नगराला नाव येवल्यात जन्मलेल्या १८५७ च्या वीराचे, हाही एक योगच!) कचेरीत आम्ही हिंदी मनापासून स्वीकारली. मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. दोघांपैकी परका कोण? परंतु हिंदी जवळ करणे निराळे आणि मराठी मुकाट्याने सोडणे निराळे. लिपी एकच असल्याने आमचा नातू आजीचे पत्र खडाखडा वाचतो, अर्थ मात्र आईला विचारतो! यात हिंदीचा काय अपराध? रोज घटकाभर त्याला जवळ बसवून मराठी पुस्तक वाचून दाखविण्यास आम्हांस कोणत्या सरकारची परवानगी हवी आहे?