माजाच्या दिवसांतील हरणाची शिकार

शिकार म्हटली म्हणजे शस्त्र, धाडस आणि अचूक नेम एवढ्याच गोष्टी सामान्यतः मनापुढे उभ्या राहतात. वस्तुतः शिकाऱ्याचे बहुतेक कार्य नेम धरण्यापूर्वीच पार पडलेले असते. जनावराची वृत्ती ओळखणे हेच ते कार्य होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन येथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार हे याचे उत्तम उदाहरण आहे.

या जातीचा प्रौढ नर एरवी कमालीचा सावध असतो. दिवसा तो दाट झाडीत दडतो व अंधार पडल्यावर चरावयास निघतो. परंतु शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की त्याच्या देहात माजाचा संचार होतो. सप्टेंबरच्या सुमारास शिंगांवरील मखमली कातडे गळून पडते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो कोवळ्या झाडांची खोडे शिंगांनी सोलतो, खुरांनी जमीन उकरतो आणि तेथे आपल्या मूत्राचा गंध ठेवून जातो. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात माज शिगेला पोहोचतो. मादी गर्भधारणेस अनुकूल असते ती साधारणतः एकच दिवस. म्हणून नर अन्नपाणी विसरून भर दुपारीही तिचा माग काढीत हिंडतो. या काळात त्याचे वजन पंचमांशापर्यंत घटते.

शिकाऱ्याचे डावपेच याच बेभानपणावर रचलेले असतात. त्यांतील पहिले सूत्र असे की, नराचा शोध न करता माद्यांचा शोध करावा. त्या जेथे चरतात व विसावतात, त्या दोन जागांमधील वाटेवर मचाण बांधावे. नर आपोआप तेथे येतो. दुसरे सूत्र वाऱ्याचे. हरणाचे घ्राणेंद्रिय इतके तीक्ष्ण असते की, शिकाऱ्यावरून वाहत आलेली एक झुळूक दिवसभराच्या तपश्चर्येवर पाणी फिरविते. तेव्हा वारा हरणाच्या वाटेकडून शिकाऱ्याच्या तोंडावर येईल अशीच बैठक निवडावी लागते. तिसरे सूत्र आवाजाचे. गळून पडलेली दोन शिंगे एकमेकांवर आपटली असता झुंजीचा भास होतो आणि मत्सराने पेटलेला नर धावत येतो. चौथे व सर्वांत कठीण सूत्र धीराचे. मादी एकटी समोरून गेली तरी जागचे हलू नये; तिच्यामागून नर येत असण्याचा संभव पुष्कळच असतो. तिरंदाजाला तर हरीण वीस-पंचवीस यार्डांवर येईपर्यंत श्वास आवरून बसावे लागते.

येथवर झाली ती कौशल्याची गोष्ट. खरा प्रश्न यापुढेच उद्भवतो. मोठी शिंगे हे शिकाऱ्याचे भूषण मानले जाते, त्यामुळे त्याचे सारे लक्ष नरावर खिळते. पण एक नर अनेक माद्यांना पुरेसा असतो. काही नर मारल्याने पुढील वसंतात जन्मणाऱ्या पाडसांची संख्या फारशी घटत नाही. लांडग्यांचा जवळजवळ उच्छेद झाल्यावर विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हरणे बेसुमार वाढली. त्यांनी जंगलातील कोवळी रोपे फस्त केली, आणि हिवाळ्यात ती स्वतःच उपासमारीने मरू लागली. १९४३ साली माद्या व पाडसे यांच्या शिकारीस अनुज्ञा देण्यात आली, तेव्हा मोठा लोकक्षोभ उसळला. वनशास्त्रज्ञ ऑल्डो लिओपोल्ड यांनी कळप कमी करण्याचा पक्ष घेतला, म्हणून त्यांना कठोर टीका सोसावी लागली. मादीवर शस्त्र उचलणे हे निर्दयपणाचे असे लोकांस वाटे. पण भुकेने होणारा अंत त्याहून दयाळू नव्हता.

म्हणून माजाच्या दिवसांतील शिकाऱ्याची कसोटी केवळ नराला भुलविण्यात नाही. मचाणावर बसून वाट पाहत असता प्रथम येते ती मादीच. तिला जाऊ द्यावे की तिच्यावरच बाण सोडावा, हा निर्णय शिंगांचा मोह पाहून घ्यावयाचा नसून रानाची स्थिती पाहून घ्यावयाचा असतो. माजाने नराचा विवेक हरपतो. शिकाऱ्याचा हरपता कामा नये.