देवकीचं बाळ, यशोदेची मांडी

मायबाप हो, कृष्ण जन्मला देवकीच्या पोटी, मथुरेच्या बंदिशाळेत. वाढला कुठं? गोकुळात, यशोदेच्या मांडीवर. कर्णाला जन्म दिला कुंतीनं, वाढवलं राधेनं. पुढं खुद्द भगवंतानं त्याला जन्माचं गुपित सांगून राज्य देऊ केलं, तरी त्यानं राधेचं नातं सोडलं नाही, राधेयच राहिला. म्हणजे दुसऱ्याच्या हाती वाढलेलं लेकरू पोरकं होतंच, असं नाही.

आता आपल्या नागपुरात पाहा. आई सकाळीच बुटीबोरीला, हिंगण्याला कामावर निघते, मूल पाळणाघरात. लगेच शेजारीण म्हणते, "पोट्टं बिघडते आता." बापा, एवढ्यानं बिघडत नाही!

यशोदा रोज तीच होती. रडलं तर घ्यायला तीच, खोडी केली तर उखळाला बांधायला तीच, मग सोडवून कवटाळायलाही तीच. हाक मारली की माझं माणूस येते, हा भरवसा लेकराच्या मनात बसला, की त्यावर स्वभाव उभा राहतो: धीट, मोकळा, दुसऱ्यावर विश्वास टाकणारा. जिथं दर महिन्याला बाई बदलते, रडलं की मोबाइल हाती देतात, तिथं हा भरवसा कुठून यावा?

अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा लहानपणापासून मागोवा घेतला गेला. निघालं काय? सांभाळणारं माणूस मायाळू, बोलकं असेल, तर मूल भाषेत, समजेत पुढं जाते. फार तास बाहेर राहिलेल्या मुलांत थोडा आडदांडपणा जास्त दिसला, हेही खरं. पण सगळ्यात मोठा वाटा निघाला घराचाच.

आपल्याकडं ताराबाई मोडकांनी हे कधीच ओळखलं होतं. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या अमरावतीत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ सोबतीला. गरिबाघरची लेकरं येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. पुढं कोसबाडला पाहिलं, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी राहते. मग पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याला मांडी मिळाली, थोरलीला पाटी!

म्हणून माय, मनाला खाऊ नको. पाळणाघरात विचार: बाई किती दिवसांची? तिच्यामागे लेकरं किती? रडलं तर उचलते का? पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर पाळणाघराची सोय मालकानं करायची, आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाऊ द्यायचं, असा २०१७ पासून कायदा आहे. तो हक्कानं माग.

आणि बाप हो, तुम्ही सुटत नाही! नंदानं काय गायीच राखल्या? संध्याकाळी घरी आलात की फोन बाजूला ठेवा, लेकराला मांडीवर घ्या, त्याचा दिवस ऐका. जी मांडी लेकराला घेते, तीच त्याचं गोकुळ.

बोला, गोपालकृष्ण भगवान की जय!