आडनांव आणि उद्गार

मनुष्य आपलें आडनांव स्वतः निवडीत नाहीं. तें पूर्वीं केव्हां तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं ठेविलेलें असतें. प्रसिद्ध खेळाडूंच्या नांवावर वृत्तपत्रांतून फिरणाऱ्या उद्गारांचीहि पुष्कळदां हीच गत होते.

वेल्सचा फुटबॉलपटू इयन रश १९८७ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल संघ सोडून इटलींतील युव्हेंटस संघाकडे गेला आणि वर्षभरानें परतला. इटलींत राहणें म्हणजे परदेशांत राहिल्यासारखें वाटलें, असें तो म्हणाल्याचें सर्वत्र छापून आलें. लिव्हरपूलसाठीं ३४६ गोल करणारा हा खेळाडू त्या एका वाक्यानें जनांत भोळसट ठरला! हें वाक्य आपलें नव्हेच, असें रशनें पुढें सांगितलें. त्याच्या मतें तो सहकारी केनी डॅल्ग्लिश याचा विनोद होता. विनोद खुमासदार, खुलासा रुक्ष; तेव्हां कोणता टिकावा?

आडनांवांतहि असाच चकवा असतो. 'रश' म्हटलें कीं धांवपळ डोळ्यांपुढें येते, आणि गोल करणाऱ्यास ती शोभतेहि. परंतु इंग्रजी नामकोश पाहिले तर हें आडनांव पाणथळींतल्या लव्हाळ्यांपाशीं राहणाऱ्या माणसाचें. पुरांतहि तगून राहणारा तोच लव्हाळा. डॅल्ग्लिश हें नांव स्कॉटलंडांतील सेलकर्कजवळच्या एका ठिकाणावरून आलें. १३८३ सालीं तें 'डॅल्ग्लास' असें लिहिलेलें आढळतें, आणि कोशकार त्याचा अर्थ 'हिरवें शेत' असा देतात.

रशच्या बाबतींत निदान हंसण्यावारीं गेलें. १९५९ ते १९७४ पर्यंत लिव्हरपूलचे व्यवस्थापक असलेले बिल शँक्ली यांची गोष्ट निराळी. फुटबॉल हा जीवनमरणाचा प्रश्न नव्हे, त्याहूनहि मोठा आहे, हें त्यांचें वचन भिंतीभिंतींवर अभिमानानें लावलेलें असतें. शब्द जवळजवळ त्यांचेच आहेत. १९८१ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं, दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत ते निघाले. पण प्रसंग कोणता? खेळाला सर्वस्व वाहिल्याचा खेद वाटतो का, असें त्यांस विचारलें होतें. फार वाटतो, असें ते म्हणाले. मग, पूर्वीं कोणाला तरी दिलेलें उत्तर म्हणून त्यांनीं जीवनमरणाचें तें वाक्य सांगितलें. आणि लागलीच पुढें म्हणाले कीं, त्यापायीं घरच्यांना सोसावें लागलें, त्यांची हेळसांड झाली.

लोकांनीं मधलें वाक्य तेवढें उचललें. ज्या वाक्यांत शँक्लींची पत्नी व दोन मुली होत्या, तीं मात्र कोणत्याच भिंतीवर चढलीं नाहींत.