विधी-स्वयंसेवकाचे कार्य



राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2009 च्या योजनेनुसार शिक्षण घेऊन मी विधी-स्वयंसेवक झालो. त्यास वकिलीची सनद लागत नाही. अर्थात न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकारही आम्हांस नाही. अर्ज लिहून देणे, कागद जुळविणे, गरजूस तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोहोचविणे, एवढेच आमचे काम.

आपल्याच ज्ञातीतील एका विधवा भगिनीचे नाव दिरांनी वारसनोंदीतून वगळले होते. वकिलाच्या फीसाठी त्यांनी हातातील पाटल्या मोडल्या. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या सभेस त्या दरवर्षी येतात! येत्या शिक्षणवर्गासाठी चार भगिनींनी तरी नावे द्यावीत. घरातील अशी गोष्ट परपुरुषापाशी बोलणे स्त्रियांस जड जाते. त्या भगिनी माझ्याशी बोलल्या, त्याही पाटल्या गेल्यावर.