आठवण कच्ची, नोंद पक्की

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या गणेशोत्सवात आरती म्हणताना मी मध्येच थांबलो, हे काहींच्या लक्षात असेल. बायपासला दोन महिने झाले होते. सर्वांना वाटले, छाती दुखत असेल. मीही तसेच भासवले. आज खरे सांगतो : लहानपणापासून पाठ असलेले कडवे आठवत नव्हते.

हृदय उत्तम चालत होते, डोके मात्र अडखळत होते. अठरा वर्षे बोलत आलेली तमिळ सर्वांत आधी रुसली. भाजीवाल्या अम्मांसमोर पिशवी धरून उभा राही आणि साधा शब्द सुचत नसे. सौ.ला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागे. चाळिशीतच लोक वेडा म्हणतील, या भीतीने मी गप्प राहिलो.

भारतातील पहिली यशस्वी बायपास १९७५ साली आपल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण शस्त्रक्रियेनंतर स्मरण आणि एकाग्रता मंदावू शकते, हे आपल्यात कोणी बोलत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००१ साली २६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी जाताना ५३ टक्के रुग्णांत अशी घट होती. सहा महिन्यांनी ती २४ टक्क्यांवर आली. म्हणजे बरेच जण सुधारतात. पाच वर्षांनी मात्र आकडा पुन्हा ४२ टक्के झाला. परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांतही अशी उशिराची घट आढळते, असे पुढील अभ्यासांत दिसले. म्हणून सगळा दोष हार्ट-लंग मशीनला देऊन चालणार नाही. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांकडेही पाहावे लागते.

माझे डोळे उघडले ते ड्यूटीवर. पॉइंटचे काम संपवून रिकनेक्शन मेमो लिहायला घेतला, आणि ५ मि.मी.ची ऑब्स्ट्रक्शन टेस्ट केली की नाही, तेच आठवेना. घाम फुटला. सही न करता सर्व टेस्टिंग पुन्हा केले. त्याच संध्याकाळी साहेबांना सगळे सांगितले आणि काही महिने एकट्याने टेस्टिंग देऊ नका, अशी विनंती केली. ते हसले नाहीत. सोबतीला दुसरा माणूस दिला.

तेव्हा उमगले, रेल्वे कोणाच्याही आठवणीवर चालत नाही. स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबरसुद्धा रजिस्टरमध्ये लिहितो. मग मीच का लाजावे? खिशात वही ठेवली. एका वेळी एकच काम, झाले की खूण. गोळ्यांचा तक्ता फ्रीजवर लावला. रोज चालणे, वेळेवर झोप. डॉक्टरांनाही सांगितले, कारण झोप, उदासी किंवा एखादे औषधही यामागे असू शकते. मात्र तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा हात लुळा पडला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आज मी पुष्कळ सुधारलो आहे. वही अजून खिशात आहेच. आपल्या घरी कोणी शस्त्रक्रियेनंतर विसरू लागले, तर त्यांची थट्टा करू नका. शेजारी बसा, वही द्या.

यंदा आरतीला मी पुढे उभा राहणार आहे. अडलो, तर तुम्ही पुढची ओळ म्हणा!

गणपती बाप्पा मोरया!