न खोदता कवच मोजायचं

नागपूर जिल्ह्यात खाप्याजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे. तिथल्या खनिजाचा दगड एका हातात आणि तेवढ्याच आकाराचा साधा दगड दुसऱ्या हातात घ्या. फरक लगेच कळेल. साधा खडक पाण्याच्या सुमारे पावणेतीनपट जड असतो, तर चांगलं मँगनीज चौपट किंवा त्याहूनही जड. ज्याचं वस्तुमान जास्त, त्याची ओढ जास्त. त्यामुळे असं खनिज जमिनीखाली दडलं असेल, तर त्या जागी गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. आपल्याला ते जाणवत नाही, पण गुरुत्वमापक यंत्राला कळतं. याच तत्त्वावर शास्त्रज्ञ चंद्राच्या आणि मंगळाच्या कवचाची जाडी काढतात.

या विचाराची पाळंमुळं आपल्याच देशात आहेत. भारताची मोजणी करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेलं. तेव्हा सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं. जमिनीवरची मोजणी आणि ताऱ्यांवरून केलेली मोजणी, या दोहोंत सुमारे ५.२ विकलांचा, म्हणजे जवळजवळ १६० मीटरचा फरक आला.

ताऱ्यांवरून मोजताना सरळ उभी रेषा ओळंब्याने ठरवतात. गवंड्याकडे असतो तोच ओळंबा. हिमालयाने तो स्वतःकडे ओढला असणार, हे उघड होतं. कलकत्त्याचे धर्मगुरू जॉन प्रॅट यांनी गणित मांडलं, तर फरक जवळजवळ १६ विकलांचा यायला हवा होता. म्हणजे एवढा प्रचंड हिमालय अपेक्षेच्या फक्त तिसरा हिस्सा ओढत होता! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याचा बराच भाग जसा पाण्याखाली असतो, तसं पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असतं. तिथे जड खडकाची जागा हलक्या खडकाने घेतल्यामुळे एकूण ओढ कमी पडते.

आता ओळंब्याच्या जागी यान ठेवा. जास्त वस्तुमानाच्या भागाकडे जाताना यानाचा वेग जरासा वाढतो, तो भाग मागे पडला की कमी होतो. यानाच्या रेडिओ लहरींतल्या बदलावरून हे पृथ्वीवर कळतं. डोंगरदऱ्यांची उंची लेझरने मोजलेली असते. त्यांची ओढ गणिताने काढून वजा केली, की उरते ती खाली दडलेल्या खडकाची ओढ.

२०१२ मध्ये नासाच्या ‘ग्रेल’ मोहिमेतली दोन यानं एकामागोमाग चंद्राभोवती फिरत होती. त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहून कमी बदललं तरी ते समजत होतं. त्यावरून चंद्राच्या कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर निघाली. आधीचे बरेच अंदाज याहून मोठे होते. शिवाय कवचाच्या वरच्या भागात सरासरी १२ टक्के जागा पोकळ, भेगाळलेली आढळली. अब्जावधी वर्षं उल्का आदळल्याचा हा परिणाम.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. उथळ जागची लहान जड वस्तू आणि खोल जागची मोठी जड वस्तू वरून जवळजवळ सारख्याच दिसू शकतात. कुठे जाड, कुठे पातळ हे गुरुत्व सांगतं. नेमके किती किलोमीटर, यासाठी दुसरी साक्ष लागते. मंगळावर ती ‘इनसाइट’ यानाच्या भूकंपमापकाने दिली. २०२१ मध्ये कवचाची सरासरी जाडी २४ ते ७२ किलोमीटरच्या दरम्यान असल्याचं जाहीर झालं. पुढे मे २०२२ मध्ये मंगळावर मोठा भूकंप झाला. त्याच्या लहरी अभ्यासल्यावर हा अंदाज ४२ ते ५६ किलोमीटरपर्यंत आखडला.

खनिजाच्या शोधातही असंच असतं. यंत्राने जड भाग दाखवला, म्हणून कोणी तिथे लगेच खाण उघडत नाही. आधी छिद्र पाडून खालचा खडक वर काढतात, तपासतात. पण छिद्र पाडणं महाग असतं. ते कुठे पाडावं हे आधी कळलं, तर पैसा वाचतो. मंगळावर तर तसं खोल छिद्र अजून कोणी पाडलेलं नाही. म्हणून तिथे गुरुत्व आणि भूकंप या दोन साक्षी जुळतात का, हेच पाहावं लागतं.